वंदनाचं बोट आणि बारकीबाईचे कान

पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी गृहस्थ वरणभात कालवता कालवता हमखास विचारतो, "आपण काय करता?" नोकरीत होतो तोवर मी "भिंतीवर असतो" असं खरं तेच सांगायचो. बहुतेकांना मी रंगारी वाटायचो. एकाने मला चित्रकार समजून आदराने जिलबी पुढे केली. माझा मेहुणा मात्र सगळ्यांना सांगत फिरायचा की घरात पाली फार झाल्या तर आमच्या भावोजींना बोलवा, ते त्यांच्याशी बोलून घेतात. आता माझं पोट असं आहे की भिंतीला आधी ते टेकतं आणि मागाहून मी पोचतो. पण नव्वदच्या दशकात मी जुईनगरच्या एका क्लबात लोकांना भिंत चढायला शिकवत होतो आणि त्याचा पगार घेत होतो. खोटं वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो.

जुईनगर तेव्हा नुकतं वसत होतं. इमारती उभ्या होत्या, पण गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे कमी दिसायचे. क्लबात कॅरम होता, टेबल टेनिस होतं, बॅडमिंटनचा हॉल होता आणि या सगळ्याची कुलपं उघडायला मी होतो. कमिटीतले एक गृहस्थ परदेशात जाऊन आले आणि तिथे माणसं हौसेने भिंती चढतात असं त्यांनी पाहिलं. झालं. हॉलच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर जाड प्लायवूड ठोकलं, आणि हातापायांनी धरायच्या खोट्या दगडांची, म्हणजे होल्डची, ऑर्डर पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दिली. तो कारखाना फायबरची बेसिनं आणि बाथटब करायचा. पहिली खेप आली ती साबणदाणीसारखी गुळगुळीत. खडबडीत माल गिऱ्हाइकाच्या हातात देणं मालकाला कमीपणाचं वाटत होतं. मी दोनदा जाऊन विनवलं, तेव्हा त्याने मोठ्या दुःखाने रेझिनमध्ये रेती मिसळली. तरुणपणी मी सह्याद्रीतले चार कडे चढलो होतो, एवढ्या भांडवलावर कमिटीने मला प्रशिक्षक केलं. कुलपांचं काम अर्थातच सुटलं नाही.

आता या धंद्यातली मुख्य गोष्ट सांगतो. भिंत पायांनी चढतात. हात असतात ते मागे पडू नये म्हणून. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की सुलभा, म्हणजे माझी बायको, म्हणते की मी झोपेतही तेच बरळतो. पण नवीन माणूस भिंतीपाशी आला की शिडी हरवल्यासारखा आधी वर बघतो आणि सगळं अंग हातांनी ओढायला लागतो. तुर्भ्याच्या गोदामांत दलाली करणारा एक पैलवान गडी आमच्याकडे यायचा. छाती अशी की टी-शर्टला दया यावी. तो अर्ध्या भिंतीपर्यंत नुसत्या दंडांवर जायचा, मग त्याचे हात दगडासारखे फुगायचे आणि तो दोरावर लोंबकळत मला ओरडून विचारायचा, "सर, वरचे होल्ड छोटे आहेत का?" वरचे होल्ड खालच्याएवढेच होते. शेजारून एखादी काडीपैलवान कॉलेजकन्या पाय नीट ठेवत निवांत वर जायची. पैलवानाने पुढे बॅडमिंटन धरलं.

वंदना आली ती मात्र तिच्या सासूमुळे.

क्लबाची जागा म्हणजे पूर्वी स्टेशनपलीकडच्या गावठाणातल्या एका आगरी कुटुंबाचं भाताचं शेत. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, त्यात तेही गेलं. क्लब झाला तेव्हा समजूत काढण्यासाठी कमिटीने त्या घराला कायमचं सभासदत्व दिलं. कुणी येणार नाही असा कमिटीचा हिशेब असावा. पण एका संध्याकाळी बारकीबाई आल्या. नाव बारकीबाई असलं तरी फाटकातून त्या तिरक्या होऊन आत आल्या. मागे त्यांची सून वंदना, तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. बारकीबाईंनी भिंत खालपासून वरपर्यंत पाहिली आणि विचारलं, "मास्तर, ही कोनाच्या बांधावर उभी हाय?"

मी म्हटलं, मावशी, मला कसं ठाऊक असणार?

"आमच्या बांधावर. तवा आमच्या घरातला कोनीतरी हिच्यावर चरला पायजे. माजे पोरगे आलशी. सून कबड्डी खेलायची. हिला चरवा."

आगरी बोलीत 'चरवा' म्हणजे 'चढवा', आणि अशी वंदना माझी विद्यार्थिनी झाली. बारकीबाई रोज तिच्याबरोबर यायच्या, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडायच्या. ती खुर्ची पुढे पुढे चारही पायांनी बाहेर पसरली होती.

वंदनाच्या पोटऱ्यांत जोर होता, पण तीही आधी हातांनीच ओढायची. तिचे पाय होल्डवर धाडधाड आपटत. पाय आपटणं म्हणजे तो कुठे ठेवतोय ते न बघणं. आपटलेला पाय सरकतो, सरकला की भार हातावर येतो, आणि हात संपतात. यावर एक साधा सराव आहे. पाय अजिबात आवाज न करता ठेवायचा. त्यासाठी शेवटपर्यंत पायाकडे बघावंच लागतं. अडचण अशी होती की मी दोर सांभाळायचो, मला खालून सगळे आवाज कळायचे नाहीत, आणि वंदना म्हणायची, "नाय वाजला, सर." मग मी बारकीबाईंना पंच नेमलं. त्या डोळे मिटून बसायच्या, बोटं सुपात चालू, आणि वंदनाचा पाय जरा टेकला चुकीचा की डोळे न उघडता म्हणायच्या, "वाजला."

दोन होल्ड वर. "वाजला."

आणखी एक. "ह्यो पन वाजला."

वंदना वरून म्हणायची, "आई, तो शेजारच्या मुलाचा वाजला." त्यावर बारकीबाई म्हणायच्या की सुनेचा पाय कुठला ते मला घरात दहा वर्षं ऐकून माहीत आहे, शिकवू नको. हळूहळू "वाजला" कमी होत गेलं. पावसाळा संपेपर्यंत अशी वेळ आली की वंदना वर टोकाला पोचायची आणि खाली सुपातल्या तांदळाचाच काय तो आवाज. माझ्या अख्ख्या कारकिर्दीत मला याहून चांगलं साधन मिळालं नाही, आणि कमिटीला त्याचं भाडंही पडलं नाही.

हिवाळ्याच्या अखेरीस पुण्याला राज्य पातळीची स्पर्धा होती. प्रत्येक क्लबाला बायकांत एकच नाव देता येणार होतं. मी वंदनाला विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. कमरेचा पट्टा सोडता सोडता तिने सांगितलं की लग्नाआधी तिची जिल्ह्याच्या कबड्डी संघात निवड झाली होती. ड्रेस शिवून आला होता, पाठीवर नंबर होता. त्याच आठवड्यात लग्न ठरलं आणि तारीख सामन्याच्या दिवसावरच आली.

"ड्रेस अजून पेटीत आहे, सर. एकदा पण घातला नाय. ह्या वेळेस मी जाणार. काय वाटेल ते झालं तरी जाणार."

ती हे शांतपणे बोलली. मी रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

आणि मग तिने तेच केलं जे प्रत्येक मन लावणारा माणूस करतो. जादा सराव. क्लबात माझ्यासमोर चढायची तेवढं पुरेसं होतं, पण घरी जाऊन ती दाराच्या चौकटीला बोटांच्या टोकांवर लोंबकळायला लागली. पोरं शाळेत गेली की लोंबकळायची, भात शिजेपर्यंत लोंबकळायची. सासरे एकदा घरात शिरताना तिच्या दुमडलेल्या पायांना अडखळून दचकले म्हणे. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी भिंतीवर एका अरुंद होल्डवर तिने सगळा भार टाकला, 'टक्' असा आवाज झाला, आणि बारकीबाई डोळे उघडून म्हणाल्या, "ह्यो पाय न्हवं."

उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट. वाशीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, तुटलेलं नाही, पण आतला पट्टा ताणला गेलाय. विश्रांती.

इथे धंद्यातली दुसरी गोष्ट सांगायला हवी. मेहनत करताना माणूस बळकट होत नाही, तेव्हा तो झिजतो. बळकट होतो तो नंतर, जेवून झोपल्यावर. शिवाय दंडाचे स्नायू लवकर तयार होतात, पण बोटांतले बारीक दोर सावकाश. स्नायू म्हणतात चल, बोटं म्हणतात थांब, आणि माणूस ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. हे सगळं मी वंदनाला खुर्चीत बसवून समजावलं. भिंत बंद. लोंबकळणं बंद. हवं तर चाल, पायऱ्या चढ, पोटाचे व्यायाम कर, लवकर झोप. बोटाला महिनाभर काम नाही. तिने सगळं ऐकलं, मान डोलावली. बारकीबाईंनी चौकटीवर खिळे ठोकण्याची धमकी दिली. मी निर्धास्त झालो.

महिना होत आला आणि बोट होतं तसंच. उलट सकाळी जास्त सुजलेलं. डॉक्टर म्हणाले, बाई विश्रांती घेत नाहीयेत. वंदना म्हणाली, "सर, देवाशप्पथ, एका दगडाला हात लावला नाय." मला काही तिचा भरवसा वाटेना. तुर्भ्याच्या डोंगरात एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथे आम्ही कधीमधी खऱ्या दगडावर सरावाला जायचो. मी रविवारी गुपचूप तिथे जाऊन एका झुडपाआड बसलो. विद्यार्थिनीला रंगेहाथ पकडायला. सकाळभर बसलो. दोन बकऱ्या आल्या, एक खडीचा ट्रक रस्ता चुकून आला आणि त्याच्या ड्रायव्हरने माझ्याकडे संशयाने पाहिलं. बाकी कुणी नाही.

घरी आलो तेव्हा सुलभा गॅलरीत धुणं वाळत घालत होती. मी दारातच तक्रार सुरू केली. ही बाई कधी चढते, कुठे चढते, शोधावं कसं, स्पर्धा तोंडावर आली. सुलभाने पूर्ण ऐकून घेतलं, आणि बादलीतली ओली चादर काढून एक टोक माझ्याकडे केलं.

"धरा हे."

मी धरलं. तिने दुसरं टोक धरून पीळ द्यायला सुरुवात केली. जाड सोलापुरी चादर. पहिल्या दोन पिळांना काही वाटलं नाही. तिसऱ्याला माझ्या करंगळीशेजारच्या बोटात कळ गेली ती थेट कोपरापर्यंत. मी चादर सोडली. पाणी माझ्या बुटांवर.

"आता सांगा," सुलभा चादर उचलत म्हणाली, "तिच्या घरात माणसं किती, आणि चादरी पिळतं कोण?"

मी तसाच ओल्या बुटांनी गावठाणात गेलो. वंदना चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. आगऱ्यांची भाकरी हातावर थापतात, दोन्ही तळव्यांच्या मध्ये, बोटं पसरून. प्रत्येक थापेला ते बोट मागे वाकत होतं. दाराशी पाण्याच्या दोन कळशा होत्या, नळ दुसऱ्या आळीला. मोरीत पिळलेल्या कपड्यांचा ढीग. मी विचारलं, अगं, तुला विश्रांती सांगितली होती ना?

वंदना गोंधळली. खरंच गोंधळली. "घेतली की, सर. महिनाभर बसूनच आहे. नुसतं घरातलं करते."

बारकीबाई ओटीवर होत्या. मला वाटलं आता माझी धडगत नाही, कारण भर दुपारी दुसऱ्याच्या घरात शिरून सुनेच्या कामाबद्दल बोलणारा परका माणूस मी. त्यांनी विचारलं, "मास्तर, भाकरीनं पन दुकतं?"

मी म्हटलं, मावशी, भाकरीनं दुखतं, कळशीनं दुखतं, चादरीनं तर माझंही दुखलं आत्ताच.

"मंग तवाच सांगाचा ना. तुमी बोल्ला भिंत बंद. आमी भिंत बंद केली." त्या उठल्या, सुनेच्या हाताखालची परात ओढली आणि म्हणाल्या, "उठ."

वंदना उठेना. आई, तुमची कंबर, आई, लोक काय म्हणतील. बारकीबाईंनी तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि चुलीपुढे बसल्या. चार-पाच वर्षांनी त्या भाकरी थापत होत्या. पहिली वेडीवाकडी आणि जाड झाली.

त्या घरात पुढे जे झालं ते मला वंदनाकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. धाकट्या दिराला स्वतःच्या पँटी पिळाव्या लागल्या आणि त्याच्या लक्षात आलं की जीन्स या कपड्याला पिळायला दोन माणसं लागतात. सासरे जेवताना एकदा म्हणाले की भाकरी जरा जाड लागते. बारकीबाई म्हणाल्या, मग चावा. आळीत कुजबुज झाली की सुनेला राणी करून ठेवलंय. त्यावर त्यांचं एकच उत्तर होतं: आमच्या बांधावरची भिंत आहे ती, तिच्यावरून आमची सून पडली तर लाज कोणाची?

खरं संकट स्पर्धेच्या आधी आलं. बारकीबाईंच्या पुतण्याची हळद. आगऱ्यांच्या हळदीला सगळी भावकी जेवायला, आणि भाकऱ्या करायला भावकीतल्या सगळ्या बायका. चुली मांडून ओळीने बसतात, गाणी म्हणतात, आणि कोण आली नाही हे पुढची दहा वर्षं कुणी विसरत नाही. वंदनाची भाकरी अख्ख्या आळीत नावाजलेली. बोट आता उतारावर होतं, सूज गेली होती. वंदना म्हणाली, एक दिवस करते, सर, नाही बसले तर आईंना ऐकून घ्यावं लागेल. माझ्या पुस्तकी ज्ञानात हळदीचा अध्याय नव्हता.

बारकीबाईंनी सकाळी सुनेला जवळ बोलावलं आणि तिच्या बोटाला ओली हळद लावून जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. गुंडाळतच गेल्या. शेवटी तो हात नारळाएवढा झाला. मग मांडवात नेऊन सगळ्यांच्या मधोमध बसवली आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं, कोयता लागला, देवाने राखलं. बायकांनी हळहळून वंदनाला सरबत पाजलं. दिवसभर तिने फक्त गाणी म्हटली. मी आणि सुलभा जेवायला गेलो होतो, तेव्हा तिने लांबून तो नारळ हलवून आम्हाला नमस्कार केला.

स्पर्धेला दोन आठवडे उरले, तेव्हा ती भिंतीवर परत आली. आधी सोप्या, मोठ्या होल्डवर. मी तिला जोर लावू दिला नाही, नुसती विश्रांतीची जागा शोधायला शिकवली. भिंतीवर चढतानाच विश्रांती घेता येते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. एक हात सरळ, ताठ ठेवून त्यावर हाडांच्या आधाराने लटकायचं, पायांवर बसायचं, आणि दुसरा हात खाली सोडून झटकायचा. मग हात बदलायचा. वाकवलेला हात दमतो, सरळ हात दमत नाही. बघणाऱ्याला वाटतं माणूस अडकला. प्रत्यक्षात तो घरी आरामखुर्चीत बसलेला असतो. वंदनाला हे पटकन जमलं. म्हणाली, "महिनाभर तेच केलंय, सर. आता सवय आहे."

पुण्याला आम्ही चौघं गेलो. वंदना, बारकीबाई, मी, आणि सुलभा, जी म्हणाली की चादर माझी होती तेव्हा मी येणार. स्पर्धेची भिंत आमच्याहून दुप्पट उंच, वर पुढे झुकलेली. नियम सोपा: एकच संधी, जो जास्त उंच जाईल तो पुढे. बाकीच्या मुली वीस-बावीसच्या, चटपटीत. वंदना कपडे बदलून आली तेव्हा तिच्या अंगात कबड्डीचा तो ड्रेस होता. घडीच्या रेषा तशाच, पाठीवर नंबर, खांद्यात जरा घट्ट. बारकीबाईंनी पाहिलं आणि शिवणीवर एकदा हात फिरवला, इतकंच.

तिचं नाव पुकारलं. बारकीबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, आजींना बरं वाटत नाही का? मी म्हटलं, त्या बघतायत.

वंदना निघाली. लोक ओरडत होते, लाउडस्पीकर चालू होता, त्यात पायाचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण बारकीबाईंची मान जराशी कलली होती आणि बोटं मांडीवर हलत होती, सूप नसतानाही. "नाय वाजला," त्या पुटपुटल्या. "नाय. नाय वाजला." मध्यावर वंदना थांबली. हात ताठ, दुसरा खाली सोडून झटकतेय. मागून कुणीतरी ओरडलं, अडकली, अडकली. तिच्यापुढे अगदी तसाच अरुंद होल्ड होता, जशावर 'टक्' झालं होतं. ती थांबूनच राहिली. हात बदलला. पुन्हा झटकला. मग तिने उजवा हात त्या होल्डवर ठेवला, पाय बघून शांतपणे वर घेतला आणि उठली. सुलभाने माझ्या दंडाला चिमटा काढला तो दोन दिवस काळानिळा होता.

झुकलेल्या भागात ती बरीच वर गेली. शेवटचे दोन होल्ड उरले.

"वाजला," बारकीबाई म्हणाल्या, आणि पुढच्या क्षणी वंदना दोरावर होती.

ती चौथी आली. पहिल्या तिघींनाच व्यासपीठावर बोलावलं. वंदना आमच्याकडे आली, चेहरा घामाने ओला, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "दोनच राहिले होते, सर." मी काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो, तेवढ्यात बारकीबाईंनी तिचा उजवा हात ओढून घेतला. ते बोट दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं, वाकवलं, सरळ केलं.

"दुकतं?"

"नाय."

मग त्यांनी पिशवीतून डबा काढला. भाकऱ्या होत्या, जाडच, पण आता गोल होत्या, आणि सोबत सुक्या जवळ्याची चटणी. आम्ही तिथेच पायरीवर बसून खायला लागलो. वंदना म्हणाली, आई, उद्यापासून मी करते भाकऱ्या, तुमची कंबर धरली असेल.

"कशाला?" बारकीबाई तोंडात घास घेऊन म्हणाल्या. "पुडच्या साली ते दोन कोन चरनार?"